अंजिराचें झाड आणि त्याचे भाष्यकार

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी आमच्या घरीं आला. नगरकडच्या एका ख्रिस्ती कुटुंबांतला हा मुलगा. आतां चांगल्या नोकरीवर आहे, लग्न झालें आहे, एक मूल आहे. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, आणि मग त्यानें पिशवींतून एक पातळशी पुस्तिका काढून आमच्यापुढें ठेवली. मुखपृष्ठावर पालवी फुटलेलें अंजिराचें झाड व त्याखालीं १९४८ हा आंकडा. आंत गणित होतें. अंजिराचें झाड म्हणजे यहुदी राष्ट्र. त्यास पालवी फुटली १९४८ सालीं. एक पिढी ऐशीं वर्षांची. म्हणून २०२८ च्या सुमारास जगाचा कारभार आटोपणार! "सर, घरासाठीं वीस वर्षांचें कर्ज काढायचें ठरवलें आहे. काढूं कीं थांबूं?" असें त्यानें विचारलें. विचारतांना तो हसत होता, पण त्या हसण्यांत थोडी भीतीहि होती. आम्हीं त्यास कर्ज काढण्याचा सल्ला दिला. व्याजाच्या दराबद्दल मात्र आम्हांस कांहीं बोलतां आलें नाहीं.

ती पुस्तिका हसण्यावारी नेतां आली असती. पण तो गेल्यावर आम्हीं कपाटांतलें बायबल काढलें, आणि अंजिराचा उल्लेख जेथें जेथें आहे तेथें तेथें खूण घालण्यांत आमच्या दोन तीन संध्याकाळ गेल्या. आम्ही ख्रिस्ती नाहीं. परंतु तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविणारास बायबल परकें राहत नाहीं, आणि ज्या ग्रंथामुळें मिल्टन व बनियन आपल्याला उमगले त्या ग्रंथावर कोणी धडधडीत अन्याय करीत असतां गप्प बसणें आम्हांस कृतघ्नपणाचें वाटतें. वाचून झाल्यावर ध्यानांत आलें तें असें कीं, त्या पुस्तिकेचा कर्ता एकटा नाहीं. तो एका फार जुन्या घराण्याचा धाकटा वारस आहे. त्या घराण्याचे मूळपुरुष चर्चचे मोठमोठे आचार्य आहेत, आणि मौजेची गोष्ट ही कीं, बर्ट्रांड रसेलसारखा कडवा अश्रद्ध माणूसहि त्याच घराण्याच्या एका आडशाखेंत बसतो. या सर्वांनीं एकच चूक केली आहे. झाडाकडे पाहण्यापूर्वींच त्यांनीं झाडाचा अर्थ ठरवून टाकला.

तेव्हां प्रथम झाडच पाहूं. बायबलांत जातीच्या नांवानें आलेलें पहिलें झाड अंजिराचें आहे. आदाम व हव्वा यांना आपल्या नग्नतेची जाणीव झाली तेव्हां त्यांनीं अंजिराचीं पानें शिवून कमरेस गुंडाळलीं. ज्ञानवृक्षाचें फळ कोणतें होतें हें उत्पत्तीचा ग्रंथकार सांगत नाहीं. सफरचंद त्या ठिकाणीं मागाहून आणून बसविण्यांत आलें. तालमुदांत मात्र रब्बी नहेम्याचें मत नमूद आहे कीं, तें झाडहि अंजिराचेंच असावें, कारण ज्यानें बिघाड झाला त्यानेंच दुरुस्तीहि व्हावी. हें मत आम्हांस फार आवडतें. त्यांत झाडावर राग नाहीं. पुढें मोशेच्या हेरांनीं कनान देशांतून द्राक्षें, डाळिंबें व अंजिरें आणलीं. दाविदाचा राग शमविण्यासाठीं अबीगईलनें अंजिराच्या दोनशें ढेपा गाढवांवर लादून नेल्या. हिज्किया राजाच्या गळवावर यशयानें अंजिराचें पोटीस बांधविलें. योथामाच्या कथेंत झाडें राजा शोधावयास निघतात, आणि अंजिराचें झाड आपली गोडी सोडून गादीवर बसण्यास साफ नकार देतें. राज्य अखेर कांटेझुडपाच्या पदरांत पडतें. (विद्यापीठांतल्या निवडणुका पाहिल्या म्हणजे ही कथा आम्हांस हटकून आठवते.)

या सर्वांहून मनांत ठसणारें चित्र म्हणजे माणूस आपल्या द्राक्षवेलाखालीं व आपल्या अंजिराखालीं निवांत बसला आहे आणि त्याला कोणाचें भय नाहीं. शलमोनाच्या राज्याचें वर्णन तें. मीखा संदेष्ट्याचें भविष्यकाळाविषयींचें स्वप्नहि तेंच. १७९० सालीं जॉर्ज वॉशिंग्टननें न्यूपोर्ट येथील यहुदी मंडळीस पत्र लिहून अमेरिकेंत त्यांना निर्भयतेची ग्वाही दिली तेव्हां त्यानेंहि हीच प्रतिमा हातीं घेतली. लढाई संपली आहे, वसुलीचा माणूस दारांत उभा नाहीं, लावलेल्या झाडाचें फळ लावणाराच खात आहे, असा त्या प्रतिमेचा साधा, घरगुती अर्थ आहे. योहानाच्या शुभवर्तमानांत फिलिप्पानें हांक मारण्यापूर्वीं नथनेल अंजिराखालीं होता आणि येशूनें तेथें त्याला पाहिलें होतें, असें सांगितलें आहे. तो तेथें काय करीत होता हें सांगितलेलें नाहीं. परंतु नियमशास्त्राची उपमा अंजिराला देण्याची रीत यहुदी आचार्यांत होती. तालमुदाच्या एरुवीन प्रकरणांत म्हटलें आहे कीं, अंजिराचीं सर्व फळें एकदम पिकत नाहींत, म्हणून केव्हांहि शोधलें तरी कांहीं हातीं लागतेंच. शास्त्राचेंहि तसेंच आहे. ज्यानें अंजिराच्या बागेंत रोज सकाळीं टोपली घेऊन फेरी मारली नाहीं त्याला ही उपमा सुचलीच नसती.

येथें मराठी वाचकास एक इशारा देणें अवश्य आहे. वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर हीं एकाच वंशांतलीं झाडें आहेत हें वनस्पतिशास्त्र आतां शाळेंतल्या मुलांनाहि सांगतें. मराठी बायबलांत जक्कय येशूला पाहण्यासाठीं ज्या झाडावर चढतो त्यास तर उंबर असेंच नांव दिलें आहे, आणि तें चुकीचें नाहीं. त्या देशांतलें तें झाड आमच्या उंबराचें जवळचें भावंड आहे. एवढ्यावरून आमचे कांहीं समन्वयप्रिय लेखक औदुंबर, अश्वत्थ, बोधिवृक्ष व बायबलांतलें अंजीर यांना एका ओळींत बसवून सर्वांस सारखाच गंध लावतात. वंश एक असला तरी घरचे संस्कार निराळे. औदुंबराला आपण प्रदक्षिणा घालतों, कारण तेथें दत्तगुरूंचा वास मानला आहे. त्याच्या फळांचा हिशेब आपण कधींच मागत नाहीं. बायबलांतल्या अंजिरास कोणी नमस्कार करीत नाहीं. त्याला मालक आहे, माळी आहे, त्याच्या पायाशीं खत पडतें, आणि ऋतु आला कीं त्याला जाब द्यावा लागतो. पुरंदरच्या अंजिरबागांशीं त्याचें नातें गाणगापूरच्या औदुंबराहून जवळचें आहे.

हें ध्यानांत ठेवून आतां ज्या कथेनें सगळा घोटाळा केला आहे तिच्याकडे वळूं. वल्हांडण सणाचे दिवस. येशू बेथानीहून यरुशलेमास निघाला आहे; त्याला भूक लागली आहे. लांबून एक पानांनीं भरलेलें अंजिराचें झाड दिसतें. जवळ जाऊन पाहतो तों पानांशिवाय कांहीं नाहीं. अंजिरांचा हंगाम नव्हता, असें मार्क स्वतःच सांगतो. येशू झाडास म्हणतो कीं, यापुढें तुझें फळ कोणी न खावो. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तें झाड मुळापासून वाळलेलें दिसतें.

१९२७ सालच्या मार्चमध्यें लंडनच्या बॅटरसी भागांतील सभागृहांत रसेलनें आपण ख्रिस्ती कां नाहीं यावर जें व्याख्यान दिलें त्यांत या कथेवर बोट ठेवलें आहे. हंगाम नसतांना फळ मागावयाचें आणि मिळालें नाहीं म्हणून झाडास मारावयाचें, यांत झाडाचा अपराध काय? बुद्ध व सॉक्रेटिस यांना आपण यापेक्षां वरचें स्थान देतों, असा त्याचा निकाल. आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षकांच्या खोलींत हा निकाल आम्हीं निदान वीस वेळां ऐकला आहे, आणि सांगणाराच्या चेहऱ्यावर दर वेळीं तोच विजयाचा भाव पाहिला आहे. रसेलच्या तर्काविषयीं आम्हांस आदर आहे. पण तो केंब्रिजचा गणिती होता, बागाईतदार नव्हता, हें येथें उघड दिसतें.

अंजिराचें झाड वर्षांत दोनदां फळ धरतें. आमचे पुरंदरकडचे शेतकरी खट्टा बहार व मीठा बहार असे दोन बहार ओळखतात. पॅलेस्टाईनांत पहिलें फळ गेल्या वर्षींच्या जून फांदीवर येऊन जूनच्या सुमारास पिकतें, दुसरें व मुख्य फळ नव्या फुटीवर येऊन उन्हाळा सरतांना पिकतें. पहिल्या बहाराच्या हिरव्या गांठी मार्च-एप्रिलांत, पालवीच्या बरोबर किंवा तिच्याहि आधीं दिसूं लागतात. अंजिराला फूल दिसत नाहीं. आपण 'उंबराचें फूल' म्हणतों तें याच कारणानें, फूल त्या गांठीच्या पोटांतच असतें. तेव्हां इतर झाडांवर आधीं फूल, मग फळ हा क्रम डोळ्यांना दिसतो. अंजिरावर गांठ दिसली नाहीं तर पुढें कांहीं यावयाचें राहिलें आहे अशी आशा त्या बहारापुरती उरत नाहीं. या कच्च्या गांठी चवीला कांहीं विशेष नसतात, पण भुकेलेला वाटसरू त्या तोंडांत टाकतो. मार्कनें हंगाम नव्हता म्हणून सांगितलें याचा अर्थ, पिकलेलीं फळें अजून उतरवून नेलेलीं नव्हतीं. म्हणजे कच्चीं तरी झाडावर असावयास हवीं होतीं. आणि हें झाड तर लांबून नजरेंत भरावें इतकें पानांनीं डंवरलेलें. त्या पानांनीं वाटसरूला एक आश्वासन दिलें होतें, आणि तें खोटें होतें.

येवढ्यानें रसेलचें समाधान झालें नसतें हें आम्ही जाणतों. फसव्या झाडालाहि मन नसतें; त्याला शिक्षा कसली? हा आक्षेप खरा आहे, आणि त्यास जोड म्हणून आम्हीच आणखी एक आक्षेप देतों: वेढा घातलेल्या नगराचींसुद्धां फळझाडें तोडूं नयेत असा मोशेच्या नियमशास्त्राचा स्पष्ट दंडक आहे. तो दंडक येशूला ठाऊक नव्हता असें म्हणतां येत नाहीं. मग त्यानें असें कां केलें? ज्या देशांत यिर्मयानें मडकें फोडून दाखविलें, यशया उघड्या अंगानें रस्त्यांतून फिरला, त्या देशांत याचें उत्तर कठीण नाहीं. संदेष्टे जें बोलत तें करूनहि दाखवीत, आणि करून दाखवितांना एखादी वस्तु खर्ची पडे. प्रश्न उरतो तो इतकाच कीं, हें दाखविणें कोणासाठीं व कशाविषयीं होतें. रसेल हा प्रश्न विचारीतच नाहीं. आचार्यांनीं विचारला, आणि उत्तर भलतेंच दिलें.

त्याचें उत्तर मार्कनें आपल्या कथेच्या रचनेंतच देऊन ठेवलें आहे. येशू झाडास बोलतो, लगेच यरुशलेमांत शिरतो, मंदिराच्या आवारांतले सराफांचे चौरंग व कबुतरें विकणारांच्या बैठका उलथून टाकतो, संध्याकाळीं नगराबाहेर पडतो, आणि दुसऱ्या सकाळीं शिष्यांना झाड वाळलेलें दिसतें. झाडाची गोष्ट मधोमध चिरून तिच्या पोटांत मंदिराची गोष्ट ठेवली आहे. मार्कची ही लकब त्याच्या पुस्तकांत इतरत्रहि आढळते. १९८० सालीं विल्यम टेलफर्ड या विद्वानानें मंदिर आणि वाळलेलें झाड यांच्या या संबंधावर एक अख्खा ग्रंथच लिहिला. मंदिरांत येशू जे शब्द उच्चारतो त्यांतला लुटारूंच्या गुहेचा उल्लेख यिर्मयाच्या सातव्या अध्यायांतला आहे. तो अध्याय संपवून वाचकानें पान उलटावें. आठव्या अध्यायांत काय आहे? अंजिराच्या झाडावर अंजीर नाहीं आणि पान सुकून गेलें आहे, असा परमेश्वराचा विषाद! झाड आणि मंदिर हीं दोन्ही यिर्मयाच्या लागोपाठच्या पानांवर होतीं, आणि येशूनें तीं एकाच दिवशीं आचरून दाखविलीं.

यिर्मया कोण होता? यहुदी, याजकांच्या घराण्यांतला, आपल्याच मंदिराच्या दारांत उभा राहून आपल्याच लोकांना खडसावणारा. येशू कोण होता? यहुदी, आपल्याच सणासाठीं आपल्याच नगरांत आलेला. हा सगळा घरांतला बोल आहे. ज्या देवळांत पूजा आहे, घंटा आहे, सराफ आहे, गर्दी आहे, आणि ज्याच्या दाराशीं आलेल्या भुकेलेल्यास खावयास कांहीं नाहीं, त्या देवळाविषयींचा हा बोल आहे. आणि झाड वाळल्यावर येशू शिष्यांस काय सांगतो तें तर कोणी वाचतच नाहीं. प्रार्थनेविषयीं तो बोलतो, आणि शेवट असा करतो कीं, प्रार्थनेस उभे राहाल तेव्हां कोणाविरुद्ध मनांत कांहीं असेल तर आधीं क्षमा करा. ज्याला आपण शापाची कथा म्हणतों तिचा शेवट क्षमेवर आहे! 'शाप' हा शब्दहि मार्क स्वतः वापरीत नाहीं. तो पेत्राच्या तोंडीं आहे, आणि पेत्राला गोष्टी अर्धवट समजण्याची खोड होती हें शुभवर्तमानांचे वाचक जाणतात.

मत्तयानें ही कथा घेतांना मंदिराची गोष्ट आधीं सांगून टाकली व झाड दुसऱ्या दिवसावर ढकललें. हंगामाचें वाक्य गाळलें, आणि झाड तेथल्या तेथें वाळविलें. चर्चमध्यें शतकानुशतकें अधिक वाचलें गेलें तें मत्तयाचें पुस्तक. त्यामुळें झाड मंदिरापासून सुटलें आणि मोकाट झालें. मग ज्याला जें हवें तें त्यानें त्यास लटकविलें. चौथ्या शतकांत पोआतिएचा बिशप हिलरी यानें मत्तयावरील भाष्यांत तें झाड म्हणजे यहुद्यांचें सभास्थान असें ठरविलें, आणि पुढच्या कित्येकांनीं तोच कित्ता गिरविला. सुवर्णमुख म्हणून गाजलेला योहान क्रिसोस्तोम याच्या व्याख्यानांत तर एक मोठा सुंदर विचार आहे: शिक्षेचें सामर्थ्य दाखवावयाचें होतें, पण तें माणसावर न दाखवितां येशूनें झाडावर दाखविलें. हा विचार त्यानें शेवटास नेला असता तर! पण याच क्रिसोस्तोमनें ३८६ व ३८७ सालीं अंत्युखियांत यहुद्यांविरुद्ध आठ प्रवचनें दिलीं, आणि तीं वाचून आजहि अंगावर शहारे येतात. येशूनें माणसाला वगळून झाड निवडलें. त्याच्या भक्तांनीं झाडाला वगळून माणूस निवडला. त्याच ३८६ सालीं मिलान येथें एका बागेंत अंजिराच्या झाडाखालीं ऑगस्टिन ढसढसा रडला आणि त्याचें आयुष्य पालटलें, ही आठवण येथें द्यावीशी वाटते. एकाच वर्षीं त्या झाडाच्या सावलींत कोणी स्वतःचा दोष पाहिला, आणि कोणी शेजाऱ्याला दोष देत उभा राहिला.

यावर असा प्रश्न येईल कीं, होशेय संदेष्ट्यानें इस्राएलच्या पूर्वजांस अंजिराच्या पहिल्या फळांची उपमा दिली नाहीं काय? दिली आहे, आणि ती लाडानें दिली आहे. यिर्मयानेंहि अंजिरांच्या दोन टोपल्या पाहिल्या, एक उत्तम फळांची, एक नासक्या फळांची. उत्तम फळें कोण? बाबिलोनास धरून नेलेले निर्वासित! म्हणजे ज्यांना जगानें टाकून दिलेले मानलें तेच देवाच्या टोपलींतले चांगले अंजीर. एका चिन्हाला एकच अर्थ कायमचा चिकटवून ठेवण्याची ज्यांना हौस आहे त्यांनीं या दोन टोपल्यांचें काय करावयाचें तें आधीं सांगावें. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत तर जैतुनाच्या झाडाचें उदाहरण घेऊन नव्यानें कलम केलेल्या फांद्यांना बजावलें आहे कीं, त्यांनीं मूळच्या फांद्यांपुढें तोरा मिरवूं नये. हें पत्र प्रत्येक चर्चमध्यें वाचलें जात होतें, आणि तरी तोरा मिरविला गेला. घेट्टोच्या भिंती उभ्या राहिल्या, स्पेनमधून १४९२ सालीं यहुद्यांना हांकलून दिलें, आणि विसाव्या शतकांत जें झालें त्याची भूमि या शिकवणुकीनें नांगरून ठेवली होती हें आतां ख्रिस्ती विद्वानहि कबूल करतात. २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें जाहीर केलें कीं, यहुदी लोक देवानें टाकलेले वा शापिलेले आहेत असें शास्त्राच्या आधारानें कोणीं शिकवूं नये. इतकें साधें वाक्य उच्चारावयास किती शतकें लागलीं!

आणि हें केवळ युरोपाचें प्रकरण आहे असें समजून आमच्या मराठी प्रवचनकारांनीं निश्चिंत राहूं नये. कोंकणपट्टींत बेने इस्राएल समाज शतकानुशतकें मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत व शनिवार पाळीत राहिला. 'शनवार तेली' हें त्याला मिळालेलें नांव चेष्टेचें असेल, पण शापाचें नव्हतें. मुंबईंत त्यांचें पहिलें सभास्थान १७९६ सालीं उभें राहिलें तेव्हां त्यावर कोणी दगड मारला नाहीं. त्या शेजाऱ्यांच्या भाषेंत, त्यांच्याच गांवाजवळ, वाळलेलें झाड म्हणजे यहुदी असें अजून जो कोणी पाठ म्हणतो तो अलिबागच्या माणसाला अंत्युखियाचा द्वेष शिकवितो. या देशांत जो रोग उपजला नाहीं तो भाषांतर करून आणण्याची गरज काय?

आतां त्या पुस्तिकेकडे परत येऊं. वाळलेल्या झाडाचा अर्थ यहुदी, असें एकदां ठरलें म्हणजे पालवी फुटलेल्या झाडाचा अर्थ यहुदी राज्याची पुनःस्थापना, हें ओघानेंच येतें. येशूनें अन्यत्र म्हटलें आहे कीं, अंजिराची डहाळी कोवळी होऊन पानें फुटलीं म्हणजे उन्हाळा जवळ आला हें तुम्हांस कळतें. पॅलेस्टाईनांतलीं जैतुनासारखीं पुष्कळ झाडें बारमाही हिरवीं असतात. अंजीर मात्र हिवाळ्यांत अगदीं उघडें पडतें व उशिरां पालवतें, म्हणून ऋतूची खूण म्हणून तें घेतलें. शिवाय हिब्रू भाषेंत उन्हाळी फळ आणि शेवट या दोन शब्दांच्या उच्चारांत थोडकाच फरक आहे, आणि आमोस संदेष्ट्यानें त्यावर पूर्वींच श्लेष केला होता. १४ मे १९४८ रोजीं इस्राएल राज्याची घोषणा झाली, आणि या खुणेची दिनदर्शिका झाली. १९७० सालीं हॅल लिंडसेनें आपल्या विलक्षण खपाच्या पुस्तकांत एक पिढी सुमारें चाळीस वर्षांची धरली. १९८८ उजाडतांच एडगर व्हिजनंट या माजी अभियंत्यानें त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत भक्तांचें उचलणें कां होणार याचीं अठ्ठ्याऐशीं कारणें छापलीं. सप्टेंबर आला, गेला. मग कोणी १९६७ पासून मोजूं लागले, कोणी पिढी सत्तर वर्षांची केली. २०१८ हि गेलें. आतां पिढी ऐशींची आहे. ज्या गतीनें ही पिढी वाढते आहे त्या गतीनें आमच्या विद्यार्थ्याचें कर्ज सहज फिटेल.

या सर्व गणितज्ञांना आम्ही एकच ओळ दाखवितों. हाच दृष्टान्त लूकनें दिला आहे, आणि त्यांत येशू अंजिराबरोबर इतर सर्व झाडांकडेहि पाहावयास सांगतो. सर्व झाडें! अंजीर म्हणजे इस्राएल असेल तर बाकीचीं कोणतीं राष्ट्रें, आणि त्यांना पालवी कोणत्या सालीं फुटली? हा प्रश्न त्या पुस्तिकेंत विचारलेला नाहीं. आणि मार्कच्या त्याच अध्यायांत, या दृष्टान्तानंतर चार ओळींवर, तो दिवस देवदूतांनाहि ठाऊक नाहीं व पुत्रालाहि नाहीं, असें येशू स्वच्छ सांगतो. पुत्राला जें ठाऊक नव्हतें तें व्हिजनंटला ठाऊक होतें.

परंतु हंसण्यासारखें तें येथें संपतें. या हिशेबांच्या शेवटल्या पानावर बहुधा एक मोठा संहार असतो, आणि त्यांत मरणारे पुष्कळसे यहुदीच असतात. हिशेब करणारा त्यांच्यावर प्रेम करतो असें म्हणतो. त्यांच्या राज्यासाठीं वर्गणीहि देतो. आणि तारीख लवकर यावी म्हणून प्रार्थना करतो. पूर्वीं त्यांना सरपण मानलें, आतां घड्याळ मानलें. ज्याची मुलें तेथें शाळेंत जातात, आणि ज्याच्या शेजारच्या अरबाची मुलेंहि शाळेंत जावयास हवीं आहेत, तो हाडामांसाचा माणूस दोन्ही वेळां कोणाच्या हिशेबांत आला नाहीं. मीखाच्या स्वप्नांत प्रत्येक जण आपापल्या अंजिराखालीं बसलेला आहे. दुसऱ्याच्या अंजिराची पानें मोजणारा त्यांत कोणी नाहीं.

लूकचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट सांगणें राहिलें. लूकनें झाड वाळविण्याची कथा घेतलीच नाहीं. त्या जागीं त्याच्याजवळ तेराव्या अध्यायांत निराळी कथा आहे. लोक येशूकडे बातमी घेऊन येतात कीं, पिलातानें कांहीं गालीलकरांची यज्ञाच्या वेळींच कत्तल केली. ते फार पापी होते म्हणून असें झालें, असें येशूकडून वदवून घेण्याची त्यांची इच्छा असावी. येशू उलट शिलोआमच्या बुरुजाखालीं चिरडून मेलेल्या अठरा माणसांची आठवण देतो, तेहि इतरांहून अधिक पापी नव्हते म्हणतो, आणि ऐकणारांस स्वतःकडे पाहावयास लावतो. लगेच ही अंजिराची कथा. द्राक्षमळ्यांत एक अंजिराचें झाड आहे. मालक तीन वर्षें फळ शोधतो आहे, फळ नाहीं. तोडून टाक, जमीन कां अडवावी, असें तो माळ्यास सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. भोंवतीं खणतों, खत घालतों. पुढें फळ आलें तर बरें, नाहीं तर आपण तोडा, असें तो मालकास म्हणतो. मी तोडतों, असें तो म्हणत नाहीं.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं निरोप देतांना ही कथा वाचून दाखविली. "मग पुढें काय झालें, सर? फळ आलें का?" असें त्यानें दारांत चपला घालतां घालतां विचारलें. लूकनें तें लिहिलेलें नाहीं, कथा माळ्याच्या बोलण्यावरच संपते, असें आम्हीं त्यास सांगितलें. ती पुस्तिका तो टेबलावर विसरून गेला होता. ती अजून आमच्याकडेच आहे.